भिंगाचा ष

प्रिय भिंगा,

छापखान्यात तुला हे नाव मीच ठेवलं होतं आणि ते मी बदलणार नाही. डोळे गेले म्हणून मुद्रितं तपासणाऱ्याची नजर जात नसते. वहिनी सांगत होत्या, तू दिवसभर खिडकीशी बसतोस, कुणाशी धड बोलत नाहीस आणि संगणक भंगारात द्या म्हणतोस. तो मी उचलून आणलाय. भंगारात मात्र दिलेला नाही, कारण तुझी कादंबरी त्याच्या पोटात आहे, शेवटच्या प्रकरणावाचून अडलेली.

वहिनींनी ती फोनकडून वाचून घ्यायचा प्रयत्न केला होता, तेव्हा फोन असंबद्ध बरळला आणि तू म्हणालास, आता ही भुतांनाच कळेल. अरे, दोष ना तुझा, ना फोनचा. आपला तो जुना फॉन्ट फक्त दिसायला मराठी. आत प्रत्येक अक्षराच्या जागी भलतंच चिन्ह बसलेलं. डोळ्यांना ते फसवतं, पण फोनला डोळे नाहीत. तो आतलं चिन्ह वाचतो. म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. संगणकाचा एकही क्लास न लावता, हे तुला ठाऊक आहेच, तरी पुन्हा सांगतो. तो जुनी ओळ घेतो, एकेक चिन्ह तक्त्यात शोधतो आणि त्या जागी युनिकोडचं, म्हणजे फोनलाही वाचता येणारं, खरं अक्षर ठेवतो. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी यायची, आता नंतर लागते. जोडाक्षर आलं की तिला अख्खं ओलांडून उडी मारायला शिकवावं लागलं.

सगळं जमलं, तरी तुझी माणसं 'विपय' काढून 'भापा' बोलत होती. वहिनी हसून म्हणाल्या, पोपट पाळलाय का? मग आठवलं. तुझी 'ष'ची कळ मोडली होती आणि नवा कीबोर्ड घेईल तो भिंग कसला. 'प' टाइप करून त्याच्या पोटात तिरकी रेघ सरकवायचास. छापून आल्यावर मलाही कळायचं नाही. रेघवाला 'प' दिसला की 'ष' कर, असा खास तुझ्या नावाचा नियम घातला. त्यात एके ठिकाणी 'बाप/आई'चं 'बाषआई' झालं, ते हाताने सुधारलं. बाकी अक्षर न् अक्षर तपासलंय. तुझ्याइतकं नाही, पण तुझ्या खालोखाल.

तुझ्या कादंबरीतली ती होडीवाली अजून नदीच्या मधोमध वल्हं उचलून थांबली आहे. ती पलीकडे पोचते की मागे फिरते, हे मला इतकं तपासूनही कळलेलं नाही, आणि ते तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तू बोल, मी टाइप करीन. माझ्याकडे 'ष'ची कळ शाबूत आहे.

एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल, हे पत्र वहिनी वाचत नाहीयेत. तुझा फोन वाचतोय, तुझ्या कादंबरीसारखंच. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका तुला आता ऐकू येणार नाहीत, ही माझी मजुरी समज. पत्र संपलं तरी फोन बंद करू नकोस. लगेच तुझं पहिलं प्रकरण सुरू होईल.

तुझाच,
बिनडिग्रीचा इंजिनिअर