फक्त बॅटरी धरा

२ नोव्हेंबर, सकाळी ११
वायरमनला हाकलून दिलं.

बाथरूम नवं करायचं काढलंय ते आईसाठी. खुब्याचं ऑपरेशन झालंय, अठरा तारखेला हॉस्पिटलमधून सोडणार. जुन्या बाथरूममध्ये गीझर नाही, भिंतीला धरायला हँडल नाही. ताई म्हणते, आईला तिच्याकडे नेऊ, तिच्याकडे सगळी सोय आहे. मी ठणकावून सांगितलं, आई माझ्याकडेच येणार आणि अठराला बाथरूम तयार असणार.

तर हा वायरमन. चष्मा कपाळावर चढवून भिंत पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, साहेब, तुम्ही फक्त बॅटरी धरा.

फक्त. बाबांनी मला सातव्या वर्षापासून हेच करायला लावलं. फ्यूज बांधणार ते, पंखा खोलणार ते, मी आपला बॅटरी धरून उभा. वर सारखं, सरळ धर, सरळ धर. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. ऑफिसात माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत. वायरिंग मी स्वतः करणार.

३ नोव्हेंबर
नियम. रोज दोन तास काम. कुणाचा सल्ला घ्यायचा नाही. चिडायचं नाही.

मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले. काहीही अवघड नाही. हे लोक उगाच बाऊ करतात.

दुपारी. टेस्टर जागेवर नाही. बायकोने हलवला असणार. ती म्हणते, आपल्या घरात टेस्टर कधी नव्हताच. चिडलो. शेवटचा नियम उद्यापासून.

५ नोव्हेंबर
वायरचा पाइप बसवायला भिंतीत खाच मारली. धंदेवाईक लोक वायर सरळ वर नेतात, काटकोनात वळवतात, मग पुन्हा सरळ खाली आणतात. का, ते कुणी विचारत नाही. बोर्डापासून गीझरपर्यंत तिरकी नेली की सव्वा मीटर वायर वाचते. शाळेतली भूमिती आहे ही. ज्यांना ती येत नाही ते मला बॅटरी धरायला सांगतात.

मध्येच एक वीट कडक लागली म्हणून जरा वळसा घातला. पुढे आणखी एक. म्हणून आणखी एक वळसा.

बायको म्हणाली, सगळे सरळ नेतात त्याला काहीतरी कारण असेल. मी म्हणालो, आहे ना, आळस.

८ नोव्हेंबर
फरशीवाला आला. पाऊण तास उशिरा. आल्या आल्या चहा. मग भिंतीकडे बघून हसला. हसण्यासारखं काय होतं? वायर पाइपात होती, पाइप खाचेत होता, वर सिमेंट होतं. म्हणतो, फरशी लागायच्या आधी फोटो काढून ठेवा, नंतर काही दिसणार नाही. मी सांगितलं, घर माझं, भिंत माझी, सगळं डोक्यात आहे. पुन्हा हसला. याचे दात पुढे आहेत हे आधी लक्षात आलं नव्हतं. फरशा लावताना शीळ वाजवतो. तीही बेसूर. दुपारी पुन्हा चहा. जाताना म्हणाला, बघा बुवा. काय बघा? तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खं पान या माणसावर खर्च झालं.

१२ नोव्हेंबर, सकाळी ८
गीझर चालू. दिवा चालू. पाणी कढत. मी केलं.

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, शॉक तर नाही ना लागला? कौतुक करायची ही कुठली पद्धत? ताईला फोटो पाठवला. तिचं उत्तर, हँडल कुठे आहेत? बघवत नाही लोकांना.

१५ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
आज हँडल. ड्रिल मशीन आणलंय. दहा मिनिटांचं काम.

१०.०५
अंधार. फक्त बाथरूममध्ये नव्हे, घरभर. ड्रिलमधून ठिणगी उडाली आणि मेन स्विच पडला. तो वर करतो, तो खाली येतो. मशीन खराब आहे, दुकानदाराला सोडणार नाही.

११.३०
दुकानदाराने मशीन माझ्यासमोर चालवून दाखवलं. मुद्दाम नीट चालवलं असणार.

१२.१५
बोर्डात बाथरूमची वायर वेगळी केली. घरात उजेड आला. म्हणजे ड्रिल वायरीत गेलं. माझ्याच.

१६ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. वायर उजवीकडे चढत जाते, म्हणून हँडल चार इंच डावीकडे घ्यायचं. दुसरं भोक पाडलं. ड्रिलच्या टोकावर तांब्याचा कीस. इथेच कुठेतरी तो पहिला वळसा असावा. की दुसरा?

पुराव्यासाठी आठ तारखेचं पान काढलं. फरशीवाल्याचे दात आहेत, शीळ आहे, दोन चहा आहेत. वायर कुठून गेली, ते नाही.

१७ नोव्हेंबर
बायकोने वायरमनला फोन केला. मला न विचारता, आणि माझ्याच मोबाइलवरून. तो वीस तारखेला येणार. मी खूप बोललो. ती आईच्या चादरी ताईकडे पोचवून आली.

१८ नोव्हेंबर
आई ताईकडे गेली. गाडीत बसवताना मीच हात धरला. म्हणाली, तुझ्याकडे नंतर येईन हो. ताईने एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

राग आला. कुणाचा, ते लिहीत नाही.

२० नोव्हेंबर
वायरमनने सहा फरशा फोडल्या. चष्मा खाली ओढून वायर पाहिली. मग म्हणाला, साहेब, वायर सरळ नेतात ती आपल्यासाठी नव्हे. पुढे जो कुणी भोक पाडेल त्याला न बघता कळावं म्हणून. तो मीच होतो हे त्याला सांगितलं नाही. भोकं दिसतच होती.

मेन बंद, बाथरूममध्ये अंधार. मीच कपाटातून बॅटरी आणली.

तासाभराने आईचा फोन. बायकोने माझ्या कानाला लावला. आईने विचारलं, वायरमन आलाय ना? म्हटलं, आलाय. मग शनिवारी येते, म्हणाली. परवा मला नुसतं नंतर येईन म्हणाली होती. वायरमन आला म्हटल्यावर लगेच.

मग विचारलं, तू काय करतोयस? म्हटलं, बॅटरी धरलीय.

सरळ धर, म्हणाली.