सूनमुखाची दोन मिनिटं

३ फेब्रु.
महेशच्या लग्नाची डीव्हीडी काढली. आईला अप्पा बघायचेत. ते गेल्यावर हलते-बोलते अप्पा एवढ्या डिस्कवरच उरलेत, आणि ती इतकी घासलीय की सप्तपदीला अडकते. आईच्या जुन्या प्लेअरवर चालेल अशी नवी करून द्यायची, एवढंच काम.
दुपारी महेशचा फोन. “अक्का, त्यात संगीता कुठंच दिसायला नको. रविवारी नव्या सोयरिकीचे पाहुणे आईला भेटायला तुझ्याकडं येणारेत. आई ती लावून बसंल.”
लग्नातून नवरीच काढायची! संताप आला. बोलले मात्र ‘बघते’. नेहमीसारखं.

४ फेब्रु.
शाळेतून आल्यावर डिस्क कॉम्प्युटरवर उतरवली. ओरखड्यांपाशी थांबत थांबत दीड तास. मग एडिटिंगमध्ये घेऊन तुकडे पाडले. हळदीत अप्पा पाठमोरे, अकरा सेकंद. वरातीत नुसता फेटा. बाकी जिथं अप्पा तिथं संगीता.
आणि सूनमुख. आई नव्या सुनेचं तोंड आरशात बघतेय, तेवढ्यात मागून अप्पा डोकं घालतात. “मलाबी दिसू द्या की सून! म्या काय पाप केलंय?” संगीता खुदकन हसते. आरशात तिघं. चौकट कापता येते, आरसा कसा कापू?
शूटिंगवाल्यानं बाकी सगळ्यावर गाणी चढवलीत. अप्पांचा आवाज फक्त इथं.

५ फेब्रु.
दिवसभर चिडचिड. आठवीच्या मुलींवर उगाच ओरडले.
महेशचा राग आहेच. मूल होत नाही म्हणून तिला माहेरी धाडली, स्वतःची तपासणी केली नाही. पण तिला धाडायचं ठरलं त्या बैठकीत मीही होते. पदवी, नोकरी असून चहा फिरवला आणि गप्प बसले. आता व्हिडिओ कापताना न्याय आठवतोय!

६ फेब्रु.
संगीताला तिच्या माहेरी, मुरूम गावी फोन केला. शिवणाचं मशीन चालू होतं, ते थांबलं.
“काढा की ताई मला. घरातनं काढलं तवा कुठं इचारलं हुतं?”
फोन ठेवता ठेवता म्हणाली, “मामा आरशात डोकावले, तेवढं राहू द्या. माझ्यासाठी न्हाय, आत्याबाईंसाठी.”
ज्या सासू-सासऱ्यांनी घालवलं त्यांना अजून मामा, आत्याबाई.

७ फेब्रु.
तरी कापलं. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सूनमुखासकट सगळं. मेनूत बटणं केली: हळद, वरात, लग्न, पंगत. आईला लावून दिली. अंतरपाटाच्या अलीकडं महेश, मग एकदम जिलेबी.
आईनं रिमोट खाली ठेवला. “हे कुणाचं लगीन गं?”
“महेशचं.”
“मग एकलाच का हुबाय, बुजगावण्यावानी? अन् ह्यांचं बोलणं कुठाय?”
पुन्हा बसले. एकही तुकडा न काढता दुसरी डिस्क केली. आईनं ती आणि जुनी, दोन्ही कपाटात अप्पांच्या फेट्याच्या घडीत ठेवल्या.
महेशचा मेसेज: जुनी मोडून टाक. कॉम्प्युटरवरचंही पूस.

८ फेब्रु., रवि.
पाहुणे जेवून गेले. मुलगी शांत आहे, आईशी छान बोलली. पहिलीला का धाडली, याचं खरं कारण तिला कुणी सांगितलंय का? मीही सांगितलं नाही.
ते गेल्यावर महेशनं कापलेली डिस्क उलटसुलट करून बघितली. “जुनी कुठंय?”
“मला काय ठावं? मोडली असंल,” आई म्हणाली. आईला खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.
तो माझ्याकडं वळला. “अक्का, तू खोटं बोलत न्हाईस. सांग.”
या वेळी ‘बघते’ म्हणाले नाही. पाहुण्यांची ताटं उचलली. तो बाहेर खुर्चीवर बसून आहे, जायला तयार नाही. मी आत येऊन हे लिहितेय. आई कपाटाला पाठ लावून उभी आहे.