मावशींनी धुतलेली नळी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे जिना चढू देतात ना? तू ज्या शाळेतल्या मैत्रिणीकडे माझी सोय केलीस त्या मावशी ठणठणीत आहेत. मीही बरा आहे, म्हणजे आता बरा आहे.

माझं काम काय, हे तू दर वेळी विचारतेस (आणि सांगायला लागलो की दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागतेस), म्हणून एकदाचं लेखी देतो. जमीन हळूहळू वर उचलली जाते, नदी तिला कापत खाली जाते आणि नदीचे जुने काठ पायऱ्यांसारखे वर राहून जातात. पायरी किती उंच आणि किती जुनी हे कळलं, की जमीन कोणत्या वेगानं वर येतेय ते निघतं. तीच पायरी मध्येच तुटून एका बाजूला उंच झाली असेल, तर तिथून फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भेग, गेलेला असतो. जमीन किती सरकली तेही त्यावरून मोजता येतं. उंची मोजणं सोपं. वय काढायला मात्र पायरीतली वाळू लागते, आणि ती अंधारात काढावी लागते, कारण उजेड लागला की वाळू आपलं वय विसरते.

तर काळं कापड पांघरून पायरीच्या कड्यात नळी ठोकली, ती वाळूनं भरली, दोन्ही तोंडं बंद करून पलंगाखाली ठेवली आणि आंघोळीला गेलो. तेवढ्यात मावशींनी खोली आवरायला घेतली. येऊन बघतो तर नळी गॅलरीत उन्हात उपडी आणि वाळू कोरफडीच्या कुंडीत!

"केवढी माती कोंबली होती रे! आता बघ कशी लखलखीत झाली," मावशी म्हणाल्या.

मी कुंडीतली वाळू ओंजळीत घेऊन बसलो. (रडलो नाही. मावशी तसं सांगतात.) मग त्यांनीच वाईट वाटून नदीवरून पिशवीभर वाळू आणून दिली. ताजी.

दुसऱ्या खेपेला त्यांची लेक मदतीला आली. ती दातांची डॉक्टर आहे. हातोडी बेतानं मारते आणि समोरच्याला बोलू देत नाही. ती नळी प्रयोगशाळेत सुखरूप पोचली. काम फत्ते.

तुझा,
भाचा

ता. क. फॉल्ट मावशींच्या स्वयंपाकघराखालून जातो. जमीन पुन्हा सरकली तर ओटा एकीकडे, जेवणाचं टेबल दुसरीकडे. आणि मावशी घरावर मजला चढवायला निघाल्यात! मी अडवलं तर म्हणाल्या, "मातीसाठी रडणाऱ्यानं मला घाबरवू नये." तुझं ऐकतात. घर पलीकडच्या मोकळ्या जागेत हलवा म्हणावं. हे खरंच सांग.

ता. क. २. वरचा मजला लेक-जावयासाठी आहे. जावई मी. बाबांना तूच कळव. आधी भूकंपाचं सांग, म्हणजे लग्नाचं ऐकून हायसं वाटेल.