तलवार कुणाची

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जून २०२५

ती. आक्कास,
कृष्णातचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि पावसात गगनबावड्याची रेंजही जाते, म्हणून लिहितोय. काल पृथ्वीराजच्या केसचा निकाल लागला. मित्राच्या वाढदिवसाला भर चौकात तलवारीनं केक कापला, एवढ्यापायी वर्षभर कोर्टाच्या चकरा झाल्या. माझ्या पोरानं गुन्हा कबूल केला, दंड भरला, कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षाही भोगली. पण तलवार सरकारजमा झाली. अपिलाची मुदत संपली की मोडून टाकणार.

ती दाजींच्या घराण्यातली. मुठीची चांदी हुपरीत दुरुस्त करून आणतो म्हणून त्यानं तुझ्याकडून नेलेली. हे मी ओळखीच्या एका वकिलांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, मूळ मालकाला यातलं काही ठाऊक नसेल तर त्याला परत मागता येते. तू एकदा येऊन जा. मी फार थकलोय, आक्का. दुकानात गिऱ्हाईकसुद्धा खटल्याचंच विचारतात.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा कृष्णात

गगनबावडा
१८ जून

चि. कृष्णातास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथं पाऊस थांबायचं नाव न्हाय, भिंतीला ओल आलीया. मालक गेल्यावर लोक म्हणायचे, बाईमाणसाच्या घरात तलवार कशाला. मी भिंतीवरनं उतरवली न्हाय. दर खंडेनवमीला हळदकुंकू लावून पुजली. त्यांच्या हातचं म्हणून तेवढंच राहिलतं. ती मोडणार म्हंजे काय?

पोराला विश्वासानं दिली आणि त्यानं केक कापला. हसावं का रडावं, कळत न्हाय. मी येतो. कोर्टात काय बोलायचं ते इचारून ठेव. तू मात्र केकापासनं लांब राहा, पोट सुटलंय तुझं.

सगळ्यांवर जीव हाय, तुमचाबी असू द्या.
तुझी आक्का

राजारामपुरी
२४ जून

ती. आक्कास शि. सा. न.

वकिलांनी केसचे कागद मागवले आणि नवीनच निघालं. पृथ्वीराजनं पोलिसांना सांगितलंय की तलवार त्याचीच, जत्रेत विकत घेतली. तुझं नावच घेतलं नाही. मी कारण विचारलं. तर म्हणाला, "आत्तीचं नाव घेतलं असतं तर तिलाबी ठाण्यात बसवली असती की."

आता तू अर्ज केलास तर तो खोटं बोलला हे कोर्टासमोर येणार. त्यातून पुढं काय निघेल, हे वकीलही छातीठोक सांगत नाहीत. पोरगा म्हणतो, आत्तीला करू दे अर्ज, माझं मी बघतो. पोलीस भरतीचं तर या शिक्षेनं गेलंच त्याचं. पहाटे धावायला जायचा, तेही बंद झालंय. कर म्हणू की नको म्हणू, माझं डोकंच चालत नाही.

जे ठरवशील त्यात राग नाही.
तुझा कृष्णात

गगनबावडा
३ जुलै

चि. पृथ्वीराज यास आत्तीचे आशीर्वाद.

मंगळवारी कोल्हापूरला आलतो. घरी आलो न्हाय, तुझ्या आईला सांगू नको, रुसंल. वकिलाकडं गेलतो. अर्ज तयार होता. मी इचारलं, मोडत्यात म्हंजे कसं? ते म्हणाले, पंचांसमोर, बाकीच्या हत्यारांसंगं. कोयते, सुरे, असलं. लई येळ बसलो. मग सही न करताच उठलो.

राग गेला न्हाय अजून, जायला येळ लागंल. पण माझ्यासाठी खोटं बोलणारं मला दुसरं कोण हाय? पुन्यांदा मात्र माझ्यासाठीबी बोलू नको. आणि पहाटे पळायला जा. भरती न्हाय म्हणून घरात बसायचं नसतं.

घरच्यांना सांभाळ, मलाबी इसरू नको.
तुझी आत्ती

राजारामपुरी
११ सप्टेंबर

ती. आत्तीस सा. न.

काल ठाण्यात चौकशीला गेलतो. हवालदार म्हणाले, गेल्या आठवड्यात मोडली. मुठीची चांदी तरी मिळंल का, विचारलं. न्हाय म्हणाले, सरकारजमा म्हणजे सगळंच. माझा पाय निघंना. ते म्हणाले, "एवढं काय वाटून घेतोस? जत्रेतली तर होती."

मी म्हणालो, "न्हाय. आमच्या आत्तीची होती."

 आता सांगून काय करणार, ते म्हणाले. मग म्हणाले, पाणी घे.

शनिवारी पहिल्या गाडीनं येतोय. आल्यावर काय बोलायचं, मला माहीत न्हाय.

तुझा,
पृथ्वीराज