वळणावरची मोरी

मंगळवार, ४ तारीख, दुपार

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बदलीचा कागद ऑफिसात लागला. खाणीचा मॅनेजर होऊन परत येतोयस, अभिनंदन. बंगला झाडून घेतलाय. नळाला पाणी आहे, खिडकीची एक कडी तेवढी लागत नाही. तब्येत जप. माझे गुडघे दुखतात. आठ वर्षं रस्त्याखालच्या मोऱ्यांत वाकून बघणाऱ्या बाईचे गुडघे दुसरं काय करणार!

हो, मुकादम झाले मी. खाणीपासून क्रशरपर्यंत चार किलोमीटर डंपर-रस्त्याचं पाणी माझ्या ताब्यात आहे. रस्त्याचं काम तुझ्याकडे होतं तेव्हा दर पावसात कड ढासळायची आणि खालच्या ओढ्यात गाळ उतरायचा. आता रस्त्याचा उतार डोंगराकडे केलाय. पाणी आतल्या चरात पडतं, वीस-वीस पावलांवर रचलेल्या दगडांशी त्याचा जोर मोडतो, मग मोरीच्या पाइपातून ते रस्त्याखालून पलीकडे जातं आणि गाळाच्या तळ्यात निवळतं. पाण्याला वाट दिली की ते शहाण्यासारखं वागतं. वाट बुजवली तर रस्ता आतून खातं आणि वरून काही दिसत नाही. हे तुला मी सांगायला नको.

जुना नियमही चालू आहे. वहीत 'मोऱ्या मोकळ्या' लिहून जो सही करतो, पाऊस थांबल्यावर पहिली रिकामी गाडी त्यानंच न्यायची. तो खाली पोचेपर्यंत एकही डंपर हलत नाही. तुझे भाऊजी म्हणायचे, "आपल्या सहीवर आपणच बसून जायचं, याहून चोख नोकरी नाही."

तुझी भाचीही खाणीत चालक म्हणून लागली, हे तुला कळवलं नव्हतं. गेल्या आठवड्यात तिचा प्रशिक्षणाचा वर्ग झाला. पडद्यावर वळणाचा फोटो आला, दरीत उलटी पडलेली गाडी, आणि खाली अक्षरं: 'चालकाच्या घाईमुळे अपघात'. शिकवणारा म्हणाला, "असं चालवायचं नाही, लिहून घ्या." सगळ्यांनी लिहून घेतलं. तिनंही घेतलं. घरी आली, वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "आई, बाबा खरंच इतके बेअक्कल होते का गं?"

त्या दिवसापासून मला घास जात नाही. आठ वर्षांपूर्वीच्या अपघाताच्या चौकशीतलं ते वाक्य तुझ्या तोंडचं आहे. 'भाऊजी नेहमीच घाईत असायचे.' माझा नवरा घाईत! ज्याला आंघोळीला पाऊण तास लागायचा!

परवा मी वळणावरची ती जागा उकरली. अपघातानंतर रस्ता आत सरकवून तू तिथे मातीचा ढीग घातला होतास ना, त्याच्याखाली जुना पाइप तसाच होता. तोंडात मातीनं भरलेली पोती, हातानं रचलेली, अकरा. वाहून आलेली पोती अशी एकावर एक बसत नाहीत. वळण रुंद करताना माती आत उतरू नये म्हणून तू तोंड बुजवलंस. काम संपलं की काढू असं ठरवलं असशील आणि विसरलास, आणि तुंबलेल्या पाण्यानं रस्ता आतून खाल्ला. विसरण्यापर्यंत मी कदाचित माफही केलं असतं. पण सहीआधी त्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "मी स्वतः पाहिलंय, भाऊजी, करा सही." केसानं गळा कापलास, आणि वर मेलेल्या माणसालाच घाईखोर ठरवलंस.

संशय मला तेव्हाही होता. आई म्हणायची, "एकुलता एक भाऊ आहे तुझा." तिच्यासाठी तोंड मिटलं. आता आई नाही. आता मला तुझी नाचक्की बघायची आहे, समोर उभं राहून, डोळे भरून. तू ऑफिसात शिरलास की एकही माणूस खुर्चीवरून उठू नये, असं मला रोज वाटतं. लिहितानाही बरं वाटतंय.

पोती मी हलवलेली नाहीत. वर ताडपत्री टाकलीय. फोटो आणि त्या वर्षीची वही सकाळीच खाण-निरीक्षकांकडे गेली, तेव्हा मला समजावायला फोन करू नकोस. माझ्याबरोबर उकरणाऱ्या दोघांना गप्प राहायला सांगितलंय. पोरीला अजून काही माहीत नाही.

एक लिहिणार नव्हते. दोनदा पत्र बंद केलं आणि उघडलं.

त्या सकाळी ते बूट चढवून दारात उभे होते. म्हणाले, "वळणावर एकदा वाकून बघतो, मगच सही करतो." मी हसले. म्हटलं, "माझ्या भावानं पाहिलंय ना? तो काय परका आहे?" ते थोडे वरमले. उरलेला चहा प्यायले आणि सरळ ऑफिसात सही करायला गेले. तुझ्यावर डूख धरणं सोपं होतं, म्हणून आठ वर्षं मी तेवढंच केलं.

सोमवारी स्टेशनवर तुला न्यायला ऑफिसची जीप येईल. चालवायला तुझी भाची असेल. वळणावर थांब, मामाला काहीतरी दाखवायचंय, एवढंच मी तिला सांगितलंय. मी तिथे उभी असेन. ताडपत्री तू उचलायचीस. आधी तू तिला सांग, मग मी सांगेन. त्यानंतर आपल्या दोघांपैकी कुणाला ती जीपमध्ये घेईल, की दोघांनाही तिथेच सोडून निघून जाईल, ते तिचं ती ठरवेल. ती ठरवत असताना तू तिच्याशी काही बोलायचं नाहीस. मीही बोलणार नाही.

तुझ्या भाऊजींची
बायको