बेरिंगातल्या अक्षता

१९ ऑक्टो., गुरु.
हे दुपारी नांदेडहून आले. ट्रक लिंबाखाली लावला आणि घरात यायचं सोडून पुढच्या डाव्या चाकापाशीच बसले. मी चहा घेऊन गेले तर जॅक लावून चाक उचललेलं, आणि दोन्ही हातांनी धरून हलवायलेत. हलत होतं. एवढं मोठं चाक, सैल दातासारखं. "बेरिंग गेलंय," म्हणाले. कधीपासून? तर वसमतपासून आवाज येत होता म्हणे. वसमतपासून तसेच आले! मी म्हणले, चाक निघालं असतं म्हंजे? "निघालं न्हाई ना." हे असं बोलणं. पण भाकरी अर्धीच खाल्ली. म्हणजे तेही भ्यालेत.

२० शुक्र.
हे परभणीला जाऊन आले. दसऱ्याच्या तोंडावर गॅरेजात पाय ठेवायला जागा नाही, मिस्त्री म्हणाला पुढच्या हप्त्यात आण. बुधवारी सेलूला कापूस न्यायची जबान देऊन बसलेत. मग नवी बेरिंगं घेऊनच आले, घरीच बदलणार. विचारलं, तुमी कधी बदललंय का? "बघितलंय लय वेळा." बघितलंय! मी पण डॉक्टरला सुई देताना लय वेळा बघितलंय.
आत्याबाई खुशाल. एकुलता लेक घरी आहे, नवरात्र आहे, अजून काय पाहिजे त्यांना.

२२ रवि.
सकाळपासून अंगणात. आपली काळी माती, जॅक खाली जायला लागला. ट्रक एकदम कलला तेव्हा हे चाकाच्या मागं वाकलेले. मी किंचाळले. ह्यांनाच राग, "वरडू नको गं, हात थरथरतो!" मग न्हाणीपुढची फरशी उचलून जॅकखाली घातली, एक्सलखाली बाभळीचा ओंडका सारला. तरी मी दिवसभर त्या ओंडक्याकडंच बघत होते.
चाक काढलं, मग ते ज्यावर बसतं तो जड हब. दोघांना उचलेना, माझी कंबर धरली. जुनं बेरिंग निघालं ते जळून निळं पडलेलं, रोलरवर देवीचे वण असतात तसे खड्डे. हे हातात घेऊन लय वेळ बघत बसले. हबातल्या जुन्या रिंगा छिन्नीनं काढून नव्या ठोकण्यात दिवस गेला.
बेरिंगात ग्रीस भरायचं काम मला. तळहातावर ग्रीस घ्यायचं आणि बेरिंग त्यावर दाबत फिरवायचं, आतून पार वर येईस्तोवर. जमलं मला, "कणिक मळणारीचा हात हाय" म्हणाले. कौतुक तेवढंच. मधेच पदर लागला तर केवढ्यानं ओरडले, "धूळ! एक खडा आत गेला की बेरिंग खलास." अंधार पडला म्हणून दोन्ही बेरिंगं परातीत ठेवून फडकं झाकलं. राहिलेलं उद्या तासाभरात होईल म्हणे.

२३ सोम., खंडेनवमी
तासाभरात कसलं. आज खंडेनवमी हे दोघांच्याही ध्यानात नाही!
उठून बघते तर आत्याबाईंनी अंगणातली सगळी हत्यारं धुवून पुसून पाटावर मांडलेली. पाने, हातोडी, छिन्नी, जॅकचा दांडा, माझी विळी पण. आणि मधोमध ती परात, फडकं काढून. हळद, कुंकू, झेंडू, वर मूठभर अक्षता. ग्रीसनं कुंकू असं धरलं होतं की बेरिंग लालभडक. अक्षता रोलरांच्या फटीत जाऊन बसलेल्या. "आत्याबाई!" एवढंच निघालं तोंडातून. त्या म्हणाल्या, "का गं? गाडीचंच हाय न्हवं ते?"
मामंजीही ड्रायव्हरच होते. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. एका खंडेनवमीला पूजेतला पाना उचलून गाडीचं काम केलं आणि दसऱ्याला निघाले ते घरी आलेच नाहीत. तेव्हापासून आमच्यात आज हत्याराला हात लावत नाहीत, आणि पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही. आपोआप जाईल तेव्हा जाईल.
हे आले, परात बघितली, हात जोडले. चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. जेवताना हळूच विचारलं, उद्या ते धुवून घ्याल ना?
"कशाला?"
काल एका खड्यावरून माझ्या अंगावर आलात म्हणले.
"तांदूळ हाय तो. खडा न्हाई. भरडून जाईल."
"अन् न्हाई भरडला तर?"
"आईनं वाहिल्यात त्या. मी न्हाई काढणार." मान वर केली नाही.
ज्या माणसाला वाटीत एक केस चालत नाही तो माणूस हे बोलतो. मला रडू यायला लागलं, मीठ आणायच्या निमित्तानं उठले. ट्रक तसाच एका बाजूनं चाकाविना, ओंडक्यावर. दोनदा जाऊन बघून आले. खाली गेला नाही.

२४ मंगळ., दसरा
केलं.
हे झेंडू आणायला गेलेले, आत्याबाई देवळात. मी परात घेऊन न्हाणीमागं गेले. डबड्यात डिझेल ओतलं, बेरिंगं बुडवून दातांच्या जुन्या ब्रशनं एकेक रोलर धुतला. फटीतल्या अक्षता सुईनं काढल्या. देवा, मी तुझ्यावर रुसून नाही करत हे, असं तोंडानं म्हणत होते, येड्यासारखी. सुती फडक्यानं पुसून वाळवलं, नव्यानं ग्रीस भरलं, वरच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं, झेंडू ठेवला, जसं होतं तसं झाकलं.
मग डबडं. लाल डिझेल, वर अक्षता तरंगायल्यात. निर्माल्य आहे ते, उकिरड्यावर कसं टाकू? झाडाच्या बुडाशी ओतावं तर झाड मरेल. झाकण लावून सरपणामागं ठेवलंय.
हे आले, हत्यारांच्या पाया पडून कामाला लागले. बेरिंग हातात घेतलं. बोट रोलरांवरून एकदा गोल फिरवलं. माझ्याकडं बघितलं. मी तुळशीकडं बघितलं. मग बसवलं.
नट पक्का आवळून मग जरासा सैल सोडायचा असतो. जरासा म्हणजे किती? "हाताला कळतं." ह्यांच्या हाताला कधी कळलं, पहिल्यांदाच करायलेत! चाक फिरवलं, आवाज नाही. धरून हलवलं, हललं नाही. आत्याबाईंनी चाकाला ओवाळलं, "आता काय फिकीर न्हाई." संध्याकाळी सोनं वाटताना त्यांच्या पाया पडले तर डोक्यावर हात ठेवून, "तुझं कुंकू शाबूत राहू दे."
कालपर्यंत तांदळाची भीती होती. आता काही झालं तर मीच केलं. कुणी म्हणलं नाही तरी मला तसंच वाटणार.

२५ बुध.
कापूस भरून सकाळी गेले. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत कान देऊन उभी होते. आवाज नव्हता.
दुपारी फोन, सेलूत पोहोचले, खाली करून झालं. जीव भांड्यात पडला म्हणेस्तोवर, जिनिंगातून कापसाच्या गाठी भरायलेत, गुजरातेत जायचंय. म्हणले, आधी घरी येऊन चाक बघून जा की. "काय बघायचंय त्यात?" राग आला, फोन ठेवून दिला. ठेवायला नको होता.

२६ गुरु.
आज धुण्याच्या वेळेला फोन. धुळ्याच्या अलीकडं आहेत, पुढं घाट उतरायचाय. आवाज बारीक.
"हब गरम लागायलंय."
पोळतंय का?
"हात ठेवता येतो. पण उजव्यापरीस जास्त."
नट आवळला असंल जास्त, म्हणले. "असंल." नव्या बेरिंगानं सुरवातीला होतंच म्हणाले. "असंल" मीही म्हणले. मागून गाड्यांचे हॉर्न.
"सुमन, खरं सांग. धुतलंस का तू ते?"
आवाजावरून काहीच कळेना ह्यांना काय ऐकायचंय. न्हाई म्हणावं तर तांदूळ आत आहे असं धरून घाटात शिरतील. हो म्हणावं तर आईनं केलेलं काहीच पाठीशी नाही असं धरून. मलाच माहीत नाही माणूस कशानं जास्त भितो.
"हो. डिझेलनं. चांगलं धुतलंय."
"बरं. आईला सांगू नको." आणि ठेवला.
तेव्हापासून लागत नाही.

२७ शुक्र.
फोन बंद. घाटात रेंज नसते, पण घाट काय दोन दिवसांचा असतो? सेलूच्या जिनिंगातल्या माणसाला लावला, तो म्हणे, वहिनी, चार्जिंग संपली असंल, गाडी पोचल्यावर कळंलच. कळंलच! स्वैपाकात दोनदा मीठ पडलं. आत्याबाईंनी तसंच खाल्लं.

२८ शनि., कोजागिरी
अजून काही नाही. गाठी घेणाऱ्या गुजरातच्या मालकाचा नंबर मिळाला, ते बोलतात ते मला कळेना, मी बोलते ते त्यांना कळेना. "ट्रक, ट्रक" म्हणत होते मी. त्यांनीच ठेवला.
संध्याकाळी आत्याबाईंसमोर आवरलंच नाही, रडले. त्यांनी जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवायल्या. त्यांचा तर एकुलता एक. मला वाटलं त्याही रडतील आता. तर हसून म्हणाल्या, "येडी का काय तू? तुझ्या मामंजींनी तेव्हा ऐकलं न्हाई माझं, म्हणून झालं ते. या वक्ती आपण सगळं रीतीनं केलंय ना?"
"हो, आत्याबाई."
"मग? भ्यायचं न्हाई." आणि दूध आटवायला उठल्या, ह्यांच्या वाटचं पण धरून.
त्या चुलीपाशी गुणगुणायल्यात. मी परत फोन लावला. लागत नाही.