काळी पाचची सर्दी

६ जानेवारी २०२५, सोमवार. पहाटे ५.४०
नवी वही. संकल्प: रोज पहाटे पाचला रियाझ. चहा एकच. लोणचं बंद. आज वहीला कव्हर घालण्यात वेळ गेला, आणि गळा तसाही सर्दीने धरलाय. उद्यापासून.

८ जानेवारी
विद्यापीठाचं पत्र. शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी तीन दिवसांची संगीत कार्यशाळा, ३ ते ५ फेब्रुवारी, आमच्या कॉलेजात! स्थानिक समन्वयक म्हणून माझं नाव. पगारपत्रकाबाहेर पहिल्यांदाच कुठे छापलं गेलं. शेवटच्या दिवशी एका विद्यार्थ्याने तज्ज्ञांपुढे वीस मिनिटं गायचं. पसंत पडला तर दोन वर्षं विद्यापीठात शिक्षण, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे.

माझ्याकडे रंजीता आहे. अकरावीत आहे, किन्हीराजाजवळच्या तांड्यावरची. आजीबरोबर लेंगी, म्हणजे होळीची बंजारा गाणी, गाते तेव्हा मला पेटी उघडायचंही सुचत नाही.

११ जानेवारी
पट्टी ठरवली. रंजीता आपली आपण काळी तीनमध्ये गाते, म्हणजे पेटीची तिसरी काळी. खालचा, जाड आवाज. म्हटलं, कार्यशाळेत हे चालत नाही. मुलीचा आवाज काळी पाचमध्येच शोभतो. अकोल्याचे आमचे गुरुजी म्हणायचे, त्याच्या खाली गाते ती बाई नाही, बुवा! मीही तशीच शिकले. रंजीता म्हणाली, मॅडम, तिथं मले गुदमरल्यावानी होते. म्हटलं, सुरुवातीला सगळ्यांनाच होतं.

रियाझ: नाही. कारण: समोरच्या शेतात तुरीची मळणी, धूळ.

१६ जानेवारी
तबल्याला सैफुद्दीनभाई. मेडशीत तबले, ढोलक्या मढवतात. मोटरसायकलवर रोज दोन तबले बांधून आणतात, एक काळी पाचला लावलेला, एक काळी तीनला. दुसरा कशाला, विचारलं. म्हणाले, राहू द्या, तुमचं मन बदललं तं मले पुन्हा घरी जा लागन. वर म्हणतात, पोरीचा आवाज जमिनीतून येते मॅडम, तुमी त्याले गच्चीवर काहून चढवून राह्यल्या?

मी हसले. माणूस चांगला आहे, पण चामडं मढवणं वेगळं, गळा घडवणं वेगळं.

दुसरा चहा झाला. पाहुणे होते.

२० जानेवारी
वरचा सा लागला! फुटला, पण लागला. अठ्ठावीस वेळा घोटून घेतला. रंजीताच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं असणार. ज्येष्ठमध दिला.

२५ जानेवारी
रंजीताचा आवाज बसलाय. घाबरली होती. तिला जवळ घेतलं, म्हटलं, काही नाही, सर्दी आहे, मलाही आहेच की. लगेच हसली. माझ्यावर फार विश्वास पोरीचा.

दुपारी तिची आजी रूपाबाई कॉलेजात आली. उभ्या उभ्याच म्हणाली, पोरगी घरी लेंगी म्हनत नाही. तिच्या गळ्याले काय करून राह्यल्या तुमी? मी फळ्यावर तिन्ही सप्तकं काढून समजावलं. शांतपणे ऐकलं. जाताना म्हणाली, मायी माय पोरीच्याच जाड आवाजात गाये, अन् चार तांडे आयकत.

मायेपोटी बोलतात माणसं. मनाला लावून घ्यायचं नाही. (संकल्प.)

२८ जानेवारी
बॅनर आला. माझं नाव चहा-नाश्ता व्यवस्थेच्या बरोबर वर. प्राचार्य म्हणाले, खालून दुसरं म्हणजे चांगलंच आहे, लोकांची नजर तिथेच असते.

रियाझ: नाही. कारण: बॅनर.

३ फेब्रुवारी
कार्यशाळा सुरू. पंचाहत्तर मुलं येणार होती, एकशे दहा आली. सतरंज्या कमी पडल्या.

तज्ज्ञ मॅडम स्टेजवर बसल्या आणि पेटीवाल्याला म्हणाल्या, काळी तीन द्या. बाई असून! मग त्या गायल्या. अख्ख्या हॉलमध्ये एक खोकला नाही. वयामुळे पट्टी उतरवली असणार. (पस्तिशीच्या असतील.) सैफुद्दीनभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

रंजीताला तिची पट्टी परत द्यावी का? नको. ऐन वेळी बदललं तर पोर गोंधळेल.

५ फेब्रुवारी
माइक खराब होता. हॉलमध्ये तुरीची धूळ. समोरच्या रांगेतली मुलं चुळबुळ करत होती.

रंजीताने भूप धरला. वरच्या ‘सा’वर आवाज फुटला. थांबली, पुन्हा गेली. या वेळी नुसता वारा आला. तज्ज्ञ मॅडमनी पेटी थांबवली आणि हळूच विचारलं, बेटा, ही पट्टी कोणी दिली तुला? रंजीता जेमतेम कुजबुजली, मीच मागतली.

मी बाजूलाच उभी होते, हातात हारांचं ताट. हार सारखे करत राहिले.

मॅडम म्हणाल्या, आवाज बरा झाला की जूनमध्ये घेऊन या, तिच्या पट्टीत ऐकेन. सैफुद्दीनभाईंनी काळी तीनचा न वाजलेला तबला कापडात गुंडाळला. मोटरसायकलला बांधून निघून गेले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

माझंही असंच झालं होतं. अकोला, विशारदची परीक्षा, २००३. तोच सा. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, सर्दी आहे. तीच ही सर्दी.

६ फेब्रुवारी
तांड्यावर गेले. डॉक्टरने सांगितलंय, गळ्याच्या पडद्यांना सूज आहे. दोन महिने तोंडातून शब्द नको, आणि पुन्हा वर चढवायचा नाही, नाहीतर गाठी होतील. रूपाबाईने बाज टाकली, चहा दिला. भांडली नाही. एवढंच म्हणाली, डॉक्टर काईबी सांगो, हे पोरगी आयकते तं तुमचंच.

रंजीताने वही पुढे केली. लिहिलं होतं: मॅडम, मले तुमच्यासारखीच सर्दी झाली. किती दिवसांत जाते?

मी लिहिलं: आठ दिवस.

कुठून आलं हाताला, कळत नाही. पोरीने बोटांवर मोजले आणि खुशीत काळी पाचकडे बोट दाखवल्यासारखं वर बोट केलं. तेवढ्यात बस आली म्हणून उठले.

उतरेपर्यंत तिकीट मुठीत घट्ट धरून होते. चौदा तारखेला ती गायला बसणार. वरच.

संकल्प: उद्या पहिल्या बसने परत जायचं.

७ फेब्रुवारी. सकाळी ७.१५, बसस्टँड
पहिली बस गेली. गजर बंद करून पाचच मिनिटं पडले होते. दुसरी साडेआठला. इथेच बसलेय. घरी गेले तर काहीतरी कारण निघेल. काय सांगायचं ते लिहून ठेवते, ऐन वेळी मी काहीही बोलते.

~~रंजीता, यंदा धूळ फार होती, त्यामुळे~~

~~रंजीता, आमच्या गुरुजींच्या काळी~~

रंजीता, मला सर्दी नाही. कधीच नव्हती.

बस लागली.